वाळवीने खाल्लेली ओळ

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, जगातला प्रत्येक शब्द आपल्या पोटात आहे, असा मला एके काळी फार गर्व होता.

पुण्याच्या छापखान्यात माझी पाने शिवली गेली. १९५६ साली मी दिग्रसच्या एका शाळेत आलो. पहिली दोन वर्षे माझी चंगळ होती. मास्तर हात धुऊन मला उघडत. मग मी कपाटात गेलो आणि कपाटाची किल्ली हरवली. तीन पावसाळे कोणी मला ऊन दाखवले नाही. वाळवीला मात्र किल्ली लागत नाही.

१९६१ च्या उन्हाळ्यात कुलूप तोडले गेले ते जमनीसाठी. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची ही मुलगी सातवी पास झाली होती. मास्तरीण होण्यासाठी तिला यवतमाळला जायचे होते. बाकीच्या मुली शिवणाच्या तासाला गेल्या, तरी ही गणिताच्या वर्गातून उठत नसे. म्हणून हेडमास्तर रामरावांनी तिच्या दाखल्यावर इंग्रजीत एकच शब्द शेरा म्हणून लिहिला: ऑब्स्टिनेट.

"बाई, हे काय लिवलं जी?" तिचा बाप देवसिंग याने विचारले.

शाळेतल्या शिक्षिका विमलताईंनी मला उघडले. "हट्टी. अडेल," त्यांनी हळूच वाचले.

देवसिंगचा चेहरा उतरला. "माह्या बापानं बैलायच्या पाठीवर मीठ वाह्यलं, बाई. एक बैल अडला का अख्खा तांडा अडते. असा बैल आमी इकून टाकतो. परक्या गावात अशा पोरीले कोण सांभाळीन?"

"थांबा, देवसिंगभाऊ. खाली अजून एक ओळ होती. वाळवीनं खाल्ली."

"खाल्लेल्या अक्षरायवर पोरीले कशी धाडू?"

ती ओळ मला पाठ होती. शब्द लॅटिनमधून आलेला. मुळातला अर्थ, मनाशी ठरवून ठाम उभे राहणे. पण शब्दकोशाला तोंड कुठले? मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जमनी माझ्यासमोर उभी होती. बापाने दोनदा हाक मारली, ती हलली नाही. तिसऱ्या हाकेला गेली.

त्याच साली दिवाळीनंतर तिचे लग्न झाले.

मित्रांनो, पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, पानांत कडुनिंबाचा पाला ठेवा. माझ्यासाठी नको, मी आता म्हातारा झालो. पण अर्धाच अर्थ ऐकून कुणाची लेक घरी परतू नये.