टाकीच्या तोंडाला बांधलेली पिशवी

मित्रांनो, कुमासी शहरातल्या सुआमे या गॅरेजांच्या वस्तीत, बोआदी मास्तरांच्या गॅरेजात, ग्रीसच्या डब्याशेजारी पडलेला तडकलेल्या काचेचा स्कॅनर म्हणजे मी. डिझेल इंजिनात काय बिनसलंय ते माझ्या पडद्यावर उमटायचं. आताच्या गाड्यांची भाषा मला कळत नाही.

जुन्या गाड्यांबरोबर मी जहाजातून इथे आलो. मला हातात घेण्याआधी मास्तर साबणाने हात धुवायचे. शेजारचे मिस्त्री ओरडायचे, "मास्तर, जेवायला बसताय काय?" लोक हसायचे, माझा मात्र ऊर भरून यायचा.

एका सकाळी अफ्राकोमाताई आल्या. उत्तरेकडून टोमॅटो आणणारा त्यांचा ट्रक, त्याच्या कपाळावर 'घाई कसली?' असं रंगवलेलं. तो अर्धा तास धावून मान टाकायचा आणि थोडा थांबला की पुन्हा चालू व्हायचा. दुसरीकडे पंप बदलून झाला होता, तरी दोन खेपा वाटेतच सडल्या होत्या.

"मास्तर, आज जमलं नाही तर ट्रक भंगारात देते," त्या म्हणाल्या. "माझं काय, पुन्हा डोक्यावर टोपली घेऊन बसेन बाजारात."

त्यांनी हसून सांगितलं खरं, पण हात ट्रकच्या दारावरून फिरत होता. मला ट्रकला जोडताच मी इंजिनातली मागची नोंद दाखवली: इंधनाचा दाब कमी. मास्तरांची भाची दुफिए पाना घेऊन निघालीच. "मामा, नवा पंपही गेला! यंत्रच सांगतंय!"

"यंत्र दाब सांगतं गं, चोर नाही दाखवत. ताप आला म्हणून कुणी डोकं कापतं का?"

मित्रांनो, मला ते फार लागलं.

मास्तरांनी मला ट्रकला जोडलेलंच ठेवलं, मांडीवर घेतलं आणि दुफिएला गाडी चालवायला सांगितलं. अफ्राकोमाताई मागे हौद्यात उभ्या. अर्धा तास झाला आणि माझे आकडे हळूहळू उतरू लागले. ट्रक थांबला. मास्तर उतरून गाडीभोवती फिरले आणि डिझेलच्या टाकीपाशी उभे राहिले. झाकण हरवलेलं. तोंडाला प्लास्टिकची पिशवी, वरून ट्यूबच्या रबराची पट्टी, तीन गाठी मारून करकचून आवळलेली. इथे निम्मे ट्रक पिशवी बांधूनच फिरतात, पण इतकी घट्ट नाही.

मास्तरांनी गाठी सोडल्या. टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली; डिझेल संपत होतं, पण त्याच्या जागी हवा आत शिरतच नव्हती. दुफिएने इंजिन चालू केलं आणि माझे आकडे भराभर वर चढले.

"ताई, ट्रकचं नाक कुणी बांधलं?"

"मीच की! मेले डिझेल चोरतात!" ताई खदखदून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मास्तरांनी हवा घेणारं झाकण बसवून दिलं. माझं मागचं कव्हर निसटायचं, त्यावर त्यांनी तीच रबराची पट्टी गुंडाळली. "तुझीही खोड मोडली रे," म्हणाले. मी खोटं बोललो नव्हतो, पण अर्धंच बोललो होतो.

आता मास्तर नाहीत. आमच्याकडे मामाचा वारसा बहिणीच्या मुलांना मिळतो, त्या रीतीप्रमाणे गॅरेज भाचीकडे आलं. दुफिएकडे नवा स्कॅनर आहे. तो काहीही म्हणो, ती आधी टाकीचं झाकण उघडून बघते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसत जा, जपत जा, पण आमचं ऐकून तिथेच थांबू नका. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. काल दुफिएने साबणाने हात धुतले आणि मला उचललं. मी सुरू होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सैल झालेली पट्टी तिने नीट बसवली आणि मला जागेवर ठेवलं. बाहेरून 'घाई कसली?'चा हॉर्न वाजत गेला.