दुसरी शेगडी

एका घरात एकच स्वयंपाकघर, असा शिंपीणबाईंच्या गल्लीला पालिकेचा नियम होता. दुसरा ओटा घातला की ते दुसरं घर धरलं जाई, आणि दुसऱ्या घराला तिथे बंदी. बाईंच्या माडीवरच्या चांगल्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि लेक मात्र भाडं परवडेना म्हणून शहर सोडायला निघाली होती. जावई सासूच्या स्वयंपाकघरात वाटेकरी व्हायला तयार नव्हता. खरं सांगायचं तर सासूही नव्हती.

आता पालिकेने हा नियम बदलायचं मनावर घेतलं आणि सुनावणी ठेवली. हरकत घेणाऱ्यांचे म्होरके होते नियमकाका. शेजाऱ्याची कुंडी वीतभर रस्त्यावर आली तरी अर्ज खरडणारे गृहस्थ. गल्लीने हे नाव त्यांना उगाच दिलं नव्हतं.

काकांनी घसा खाकरला. “आमची गल्ली सभ्य आहे. एक घर, एक कुटुंब, एक शेगडी. उद्या कोणीही येऊन राहील.”

“कोणीही नाही हो, माझी लेक,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तुमच्या अंगाखांद्यावर खेळलेली.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाजात साखर घोळून त्या सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडमना म्हणाल्या, “मॅडम, मग सगळी गल्लीच तपासा. सुरुवात काकांच्या घरापासून, आदर्श म्हणून.” त्यांना नुसती खोडी काढायची होती.

“खुशाल या,” काका छाती फुगवून म्हणाले. “आजच या.”

“आज नको,” मागच्या रांगेतून काकू उठल्या. “वरच्या खोलीत माझी शेगडी आहे. यांना वाटतं मी वर वाचत बसते. यांच्याशी अबोला धरला की मी वरच करून खाते. हल्ली रोजच.”

सभागृहात खसखस पिकली. “अगं, हे इथे कशाला?” काका पुटपुटले.

“घरात तुम्ही ऐकता कुठे? मॅडम, नियम बदला. नाहीतर मला बहिणीकडे जावं लागेल. आणि वरच्या घराला वेगळी बेल लावता येईल का, तेही सांगा.”

“हरकत कायम आहे?” मॅडमनी काकांना विचारलं.

काकांनी मागे पाहिलं. त्यांच्या अर्जावर सह्या करणारे सगळे आपापल्या चपला न्याहाळत होते. “मागे घेतो,” ते म्हणाले. दुसरी हरकत नव्हती. प्रस्ताव मंजूर झाला.

शिंपीणबाईंनी तिथूनच लेकीला फोन लावला. “बांधलेलं सामान आता आपल्या माडीवर येऊन सोड,” त्या म्हणाल्या.

काका बायकोच्या जवळ सरकले. “बेल वाजवली तर दार उघडशील ना?”

“आधी विचारीन,” काकू म्हणाल्या, “काय काम आहे म्हणून.”