हौदाच्या कुलपाला लागलेला मार

मित्रांनो, मी एक मोडलेलं कुलूप हाय. जुनं म्हणाल तर तसं जुनंबी न्हाई, दोनच उन्हाळे बघितलेत. पण आधी एक सांगतो, मला बिचारं म्हणू नका. लई वैताग आलाय त्याचा!

मला सिरसाळ्याच्या बाजारातून आणलं आन् आमच्या गावच्या दूध संस्थेच्या हौदाला लावलं. दुष्काळ पडलेला, विहिरी कोरड्या, जनावरांच्या पाण्याचा टँकर त्या हौदातच रिकामा व्हायचा. संस्थेनं नियम केला, जो संस्थेला दूध घालील त्याच्याच जनावराला पाणी. सगळ्यांनी माना डोलावल्या. चेअरमन मोहनराव रोज मला ओढून बघायचे आन् म्हणायचे, कुलूप असावं तर असं. माझी छाती अशी फुगायची!

मग जानकीबाईची गाय आटली. चारा न्हाई तर दूध कुठून येणार? आता दूध न्हाई म्हणून पाणी न्हाई, आन् पाणी न्हाई म्हणून दूध न्हाई. एवढं साधं कुणाच्या डोक्यात येऊ नये? घरच्या घागरीतलं बाई किती पाजणार? दोन दिवस रिकामी बादली घेऊन माझ्यासमोर उभी. सेक्रेटरी म्हणला, चेअरमनला विचारा. चेअरमन म्हणले, नियम सगळ्यांचा हाय. आन् सगळे म्हणले, आमी काय करावं, कुलूप हाय. म्हंजे मी!

तिसऱ्या दिवशी गाय खाली बसली ती उठंना. तवा बाईच्या पुतण्यानं, सटवानं, दगड उचलला आन् दोन घावांत माझी कडी मोडली. गायीला बादलीवर बादली पाजली.

लगेच सभा भरली. मोहनरावांनी मला टेबलावर मांडलं, म्हणले ही हिंसा हाय, खपवून घेणार न्हाई. सटवावरच्या तक्रारीत माझ्यावर चार ओळी लिहिल्या. गायीवर एकबी न्हाई.

जानकीबाई उठली. "चेअरमनसाहेब, सटवाचे दोन दगड दिसले तुमाला. तुमी दोन दिवस माझी गाय मारीत होता, तिला हात न लावता. त्याला काय म्हणायचं?"

"आमी काय केलं? कुलूप होतं, बाई."

"आन् चावी कुणाच्या खिशात होती?"

मोहनरावांचा हात आपसूक खिशाकडं गेला. सगळ्या सभेनं बघितला. मग तक्रारीचा कागद सहीसाठी कुणी पुढं सरकवलाच न्हाई.

मित्रांनो, मी बंद राहिलो, हे खरं हाय. पण मी लोखंड, मला तहान कळत न्हाई. मला तेल घाला न घाला, गंजलो तरी चालंल. पण ज्यांना तहान कळती, त्यांनी माझ्याआड लपू नका.