चादर उचलताना

"एक, दोन, तीन!"

तिघांनी चादर धरून म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून पलंगावर घेतलं, आणि त्याच वेळी पोपटने सुरुवात केली. वय बहात्तर, दोन दिवस ताप, धाप लागलीये, पेनिसिलिन चालत नाही, बायको सोबत आहे. अँब्युलन्सवरचा हा माणूस पेशंटची सगळी माहिती एका दमात सांगे, म्हणून त्याचं नाव पोपट पडलं होतं.

आधी ऐकायचं, मग पेशंटला हात लावायचा, असा नियम होता. नियम भिंतीवर होता आणि भिंत कपाटामागे. भरदुपारी इस्पितळाच्या त्या तातडीच्या कक्षात मुंगीलाही वाट मिळाली नसती.

सिस्टर पोपटकडे पाठ करून ऑक्सिजनची नळी सोडवत होती.

"हं, हं," ती म्हणाली.

हिने ऐकलेलं नाही, हे पोपटला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. पुन्हा सांगायला तो पुढे झाला.

"अरे, चल की!" ड्रायव्हर दारातून ओरडला. "पुलाखाली दोघं पडलेत!"

पेशंटची माहिती ऐकून घेतली, असं लिहून द्यायच्या कोऱ्या फॉर्मवर सिस्टरने सही करून दिली. तिथली रीतच ती. सही आधी, मजकूर मग, म्हणजे गाडी लवकर सुटते. पोपटने धावत्या गाडीत फॉर्म भरला. पेनिसिलिनखाली त्याने दोन रेघाही ओढल्या.

तासाभराने तो परतला तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत सगळं आटोपलं होतं.

"दादा," म्हातारी उठून आली, "ह्यांना ते चालत नाही म्हणून वाटेत तीनदा बोलले मी. इथे म्हणतात, कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं, मावशी."

डॉक्टरांनी हात पुढे केला. पोपटने फॉर्म दिला. डॉक्टरांनी वाचून तो सिस्टरपुढे धरला. तिने त्या दोन रेघा पाहिल्या, खालची सही पाहिली, आणि मग पोपटकडे पाहिलं. सही केली तेव्हा फॉर्म कोरा होता, एवढंच त्याने म्हणायचं होतं. त्याने खिशातलं पेन आत सारलं.

"सही माझीच आहे," ती हळूच म्हणाली. "सांगितलं असेल. माझंच लक्ष नसेल."

म्हातारीने पोपटचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही तरी माझं ऐकलंत," ती म्हणाली.

त्याने हात सोडवून घेतला नाही.