बारा नंबरचा शेरा

मित्रांनो, हडपसरला नागोरावांच्या वाचनालयात काउंटरला लांब सुतळीनं बांधलेली, लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही होती. कुणाला आठवत असेल, तर ती मीच. आठवत नसेल तर बरंच आहे. मला आज जे सांगायचं आहे ते मिरवण्यासारखं नाही.

नागोराव मूळचे वाशीमचे. कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा, चौऱ्याण्णव साली, त्यांनी एका गाळ्यात वाचनालय थाटलं. कादंबऱ्या, चित्रकथा, दिवाळी अंक, आणि एका कप्प्यात भुताखेतांच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट. मी तिथली अभिप्राय वही. काही वाचलं, पाहिलं की माझ्यात चार ओळी लिहायच्या. हौस असेल तर स्वतःची गोष्टही लिहायची. खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, असं नागोरावांना वाटायचं. नाव नसलं की माणूस काय काय बोलतो, ते मला विचारा!

बारा नंबर म्हणजे दुर्गाबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. पेन मात्र लालच राहिलं. एका भयपटाखाली त्यांनी लिहिलं होतं, "भुताचा मेकअप उत्तम. सोबत भूतही असतं तर बरं झालं असतं." एका कादंबरीखाली, "पाऊस फार. वाचताना छत्री घेऊन बसावं." लोक पुस्तक न घेता नुसते बाईंचे शेरे वाचायला यायचे. मी तर नुसती फुलून जायचे. आपल्यामुळे दुकानात गर्दी होते, अशी माझी समजूत.

शेजारच्या एसटीडी बूथमध्ये जया नावाची मुलगी बसायची. वीस-बावीस वर्षांची, नागोरावांच्याच गावाकडची. दुपारी एक ते चार वाचनालय बंद. ती वेळ आपल्याकडे कुणी मोडत नाही. नागोराव शटर अर्धं ओढून घरी झोपायला जात, आणि बूथच्या मालकीणबाई आल्या की जया राखणीला आत डबा घेऊन बसे. डबा संपला की ती मला उलटी करून शेवटच्या पानांवर लिहायची. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एकच गोष्ट तिनं सात वेळा सुरू केली. मग खाडाखोड कुणाला दिसू नये म्हणून ती पानं डिंकानं कडेला चिकटवून टाकली आणि गोष्ट पुढच्या बाजूला, शेऱ्यांच्या पानांवर स्वच्छ अक्षरात उतरवली. खाली आपला नंबर घातला, त्रेसष्ट.

काय गोष्ट होती! एक माणूस रोज बूथवर येऊन गावाकडच्या घरी फोन लावतो आणि "कुणी उचलत नाही," म्हणून निघून जातो. पण पलीकडून फोन उचलल्याशिवाय मीटर धावत नाही, आणि मीटर तर रोज तीन मिनिटं दाखवतं. एक दिवस तो येत नाही. बूथवाली मुलगी स्वतःच तो नंबर फिरवते. पलीकडून कुणीतरी तिचं नाव घेऊन विचारतं, "आज त्याला का नाही पाठवलंस?"

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी ती उभ्या उभ्या वाचली. एकदा वाचली, परत वाचली. त्रेसष्ट नंबर म्हणजे ती फोनवाली मुलगी, हे त्यांना ठाऊक होतं, आणि घोडं तिथंच अडलं. फोनवाली मुलगी असं लिहील हे त्यांच्या मनाला पटेचना. लाल पेन निघालं.

"उतारा सुवाच्य. मूळ लेखकाचं नावही दिलं असतं तर उपकार झाले असते. १२."

संध्याकाळी काउंटरवर ही झुंबड! जो तो आधी शेरा वाचून हसायचा, मग जमली तर गोष्ट वाचायचा. जया आली तेव्हा नागोरावही हसत होते.

"पोरी, खरं सांग, कुठून उतरवलीस?"

"काका, माझीच आहे."

"अगं, मी कुठं नाही म्हणतोय?" म्हणाले, आणि पुन्हा हसले.

तिचा हात माझ्या मागच्या पानांकडे गेला. डिंक निघाला असता तर बोलणाऱ्यांची तोंडं तिथंच बंद झाली असती. पण सात वेळा चुकलेली ती पानं या हसणाऱ्या लोकांपुढे कशी उघडायची? तिनं हात मागे घेतला. त्यानंतर ती दुपारी डबा बूथमध्येच खाऊ लागली.

पुढे केबल आली, मोबाइल आले. बूथ गेला आणि दोन हजार पाच साली वाचनालयही गेलं. पुस्तकं रद्दीत निघाली. "तुमचेच शेरे जास्त आहेत," म्हणून नागोरावांनी मला दुर्गाबाईंना देऊन टाकलं. बाई घरी चष्मा लावून स्वतःचेच शेरे वाचत मजेत बसल्या होत्या. शेवटाकडे आल्या तेव्हा वाळलेला डिंक कडकन सुटला.

सात सुरुवाती. तिसरीत तो माणूस रडत होता. पाचवीत ते खोडून कडेला लिहिलं होतं, "नको, रडू नये. नुसतं मीटरकडे बघू दे." बाईंनी चष्मा काढला. "अगं बाई, मी काय करून बसले," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नागोरावांना विचारून त्यांनी जयाचा पत्ता काढला. जया आता हडपसरच्याच एका आयटी कंपनीत, येणाऱ्यांना पास द्यायच्या काउंटरवर होती. सत्तरी ओलांडलेल्या बाई मला पोटाशी धरून तिथं गेल्या. जुन्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "वरचा शेरा खोटा आहे. गोष्ट जयाचीच." आणि खाली पहिल्यांदाच नंबर नव्हता, पूर्ण नाव होतं.

जयानं वाचलं. "राग नाही हो बाई. इतकी वर्षं झाली. चहा घेता ना?"

"लिहितेस ना अजून?"

"बसते कधीमधी." ती पासची वही सारखी करत राहिली. "पण पहिली ओळ लिहिली की वाटतं, ही आपण कुठं वाचलेली तर नसेल? मग खोडून टाकते. आता माझी कुठली तेच कळत नाही."

इतकी वर्षं सगळ्यांवर शेरे मारणाऱ्या बाई. त्या मला तिच्या पासच्या वहीवर ठेवून निघाल्या.

मित्रांनो, मी आता जयाच्या कपाटात असते. माझी साठ-सत्तर पानं अजून कोरी आहेत. तुमच्यापुढे कुणी आपलं लिखाण ठेवलं, तर "कुठून घेतलंस?" म्हणण्याआधी "कसं लिहिलंस?" एवढं विचारा. मला बोलता येत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येईल. पण त्या संध्याकाळी सगळे मला हातोहात फिरवत होते, हसत होते, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं.