कोंबडीच्या पातेल्यात दूध

सुकन्यानं पडवीतल्या फरशीवर मांडलेलं पुन्हा एकदा बोटानं मोजलं. बिनहाडाची कोंबडी पाव किलो, मीठ आणि मिरपूड लावून. गाजरं दोन. ढोबळी मिरची एक, तीही अर्धीच लागणार. सोललेले मटार वाटीभर, मक्याचे दाणे वाटीभर. कांदा एक, लसणाच्या पाकळ्या सहा. लिंबाएवढा लोण्याचा गोळा. चीजचे दोन तुकडे, चंदेरी कागदातले. बारामतीहून आणलेलं पास्त्याचं पाकीट एक. पातेलं एक. लागणाऱ्यांपैकी एकच गोष्ट अजून यायची होती, आणि ती गोठ्यात होती.

गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज येत होता. आधी पत्र्यावर वाजल्यासारखा, मग दूध चढत गेलं तसा जाड. सुकन्याच्या सासूबाई, सिंधुबाई, बांडीखाली बसल्या होत्या. बांडी म्हणजे घरची एकुलती गाय, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ती आज सारखी पाय बदलत होती, मधूनच हंबरत होती.

"गप की गं. सकाळपासनं नुसती वराडतीया. पेंडीला बी तोंड लावलं न्हाय," सिंधुबाई तिला म्हणत होत्या.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर स्वरूपा कुशीवर पडली होती. सुकन्याची नणंद. सहावा महिना. हडपसरहून ती माहेरी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, चार दिवस आईच्या हातचं खाल्लं की उलट्या थांबतील. थांबल्या नाहीत. भाकरीच्या वासानं होत, भाताच्या वाफेनं होत, वरण नुसतं समोर आलं तरी होत. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं तेव्हा वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं होतं. बाईंनी सिंधुबाईंकडे बघत सांगितलं होतं, की पुढच्या वेळेपर्यंत असंच राहिलं तर पोरीला भरती करून घ्यावं लागेल.

आणि काल दुपारी, डोळे मिटूनच, स्वरूपा म्हणाली होती,

"वहिनी, तो पांढरा पास्ता. कॉलेजात असताना रूमवर करायचो आम्ही. चिकन, भाज्या, सगळं एकाच भांड्यात. त्याचं नाव काढलं तरी मळमळत नाही बघ."

दोन महिन्यांत तिनं स्वतःहून एखाद्या पदार्थाचं नाव घेतलं होतं ते हे पहिलं.

कोंबडी-मटण या घरात आतल्या ओट्यावर शिजत नसे, आत देव होते. त्यासाठी पडवीत वेगळी चूल होती आणि खुंटीला टांगलेलं वेगळं पातेलं. सुकन्यानं चुलीऐवजी लहान शेगडी घेतली होती, कारण दुधाला जाळ हवा तेवढाच लागतो. पातेलं मात्र तेच घ्यावं लागलं. त्या पातेल्यात आजवर कधी दूध पडलं नव्हतं.

सिंधुबाई बादली घेऊन आल्या आणि पडवीच्या पायरीवरच थांबल्या. फरशीवरून त्यांची नजर फिरली.

"दूध कशाला मागितलंस मगाशी?"

"ह्यात घालायला, आत्या."

"ह्यात? कोंबडीत?"

"हो. अर्धा लिटर."

"आगं, कोंबडीच्या भांड्यात दूध घातलं तर गाय आटती! वर मीठ बी घालणार असशील."

"थोडंसं. शेवटी."

"ऐकलं का?" सिंधुबाईंनी खांबाशी बसलेल्या नवऱ्याकडे, तात्याबांकडे, मान वळवली. "दुधात मीठ, दुधात कोंबडी. माझ्या थोरल्या जावंनं एकदा रश्श्याच्या हातानं दुधाचं भांडं धरलं, तर दुसऱ्या दिवशी गाईच्या सडातनं रगत आलं हुतं. ह्या डोळ्यांनी बघितलंय. आन ही तर पोटुशी. लेकराच्या अंगावर पांढरं उठलं म्हंजी?"

"तसं काही होत नाही, आत्या. दूध काढून झालं की गाईचा आणि त्याचा संबंध तुटला. त्यात नंतर काय शिजलं ते तिला कुठून कळणार?"

"तू शिकलीस, ठाव हाय. आता बांडीला बी शिकीव म्हंजी झालं."

बाजेवरून स्वरूपाचा आवाज आला. "राहू दे वहिनी. मला नको."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. सिंधुबाईंच्या हातातली बादली हलली आणि थोडा फेस पायरीवर सांडला.

तात्याबा आतापर्यंत खांबाला टेकून वैरणीचा दोर वळत बसले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या वडलांच्या काळी घरात दीडशे मेंढरं होती. आबांच्या वाट्याला ऊस आणि ही एक गाय आली. दोर मांडीवर ठेवून ते म्हणाले,

"भांडता कशाला? सकाळचं दूध डेरीवर कोण मोजतं?"

"मी," सुकन्या म्हणाली. वस्तीच्या संकलन केंद्रावर सकाळची पाळी तिचीच होती.

"मग झालं की. रोज सकाळी नऊ लिटर येतंय. उद्या बी तेवढंच आलं, तर पोरीला लागंल तवा करून घाल. मी सोता कोंबडी आणून दीन. आन घटलं, तर पुन्यांदा ह्या घरात असलं शिजणार न्हाय. मापच काय ते सांगंल."

एका गाईवर आणि एका सकाळीवर काहीही सिद्ध होत नाही, हे सुकन्याला पक्कं ठाऊक होतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असला प्रयोग मांडला असता तर सरांनी वही परत फेकली असती. पण स्वरूपाची पाठ तिच्याकडे होती आणि गाऊनमधून मणक्यांची रांग दिसत होती.

"चालेल, आबा."

"मोज की," सिंधुबाई म्हणाल्या. "नीट मोज. एकतीस वर्सं धार काढतीया. तुझ्या त्या मशिनीला माझ्या किटलीत कदी पानी घावलं?"

"नाही, आत्या."

हे खरं होतं. केंद्रावरचं यंत्र दुधाची स्निग्धता म्हणजे फॅट दाखवी, घट्टपणा म्हणजे एसएनएफ दाखवी आणि पाणी मिसळलं असेल तर त्याचा आकडाही दाखवी. सुकन्या तिथं लागल्यापासून वस्तीवरच्या जवळजवळ प्रत्येक घराचा तो आकडा कधी ना कधी हलला होता. सिंधुबाईंचा नाही. शेजारच्या भीमाच्या किटलीत पाणी सापडलं, तेव्हा सिंधुबाईंनी महिनाभर त्याच्या घरचा चहा घेतला नव्हता.

सिंधुबाई दोन पायऱ्या चढून आल्या. बादली पातेल्याला टेकू नये म्हणून त्यांनी ती हातभर वर धरली आणि तांब्यात धार सोडली. अर्धा लिटर झालं. त्यांनी तांब्याकडे बघितलं आणि आणखी थोडं ओतलं. मग तांब्या फरशीवर ठेवून, पदर नाकाला लावून, त्या गोठ्याकडे पाठ करून बसल्या. पातेल्याकडे पाठ करायची होती, पण मग तोंड बाजेकडे झालं नसतं.

सुकन्यानं लोणी टाकलं. ते वितळून त्याचा फेस बसला तशी कोंबडीचे तुकडे पसरले आणि एका बाजूनं तांबूस होईपर्यंत त्यांना हात लावला नाही. मग कांदा, लसूण. वास उठला आणि तिघांचीही नजर बाजेकडे गेली. स्वरूपा हलली नाही. गाजरं, मटार, मका. मग पास्त्याच्या कोरड्या नळ्या तशाच वर ओतल्या.

"उकडून न्हाय घ्यायच्या?" सिंधुबाईंनी विचारलं. त्या बघत नव्हत्या.

"नाही. ह्यातच शिजतात. त्यांच्या अंगचा चिकटा सुटतो आणि त्यानंच दूध दाट होतं. वेगळ्या पाण्यात उकडलं की तो चिकटा फेकून द्यावा लागतो."

"पेजंवानी."

"अगदी पेजेसारखं."

तिनं आधी पाणी घातलं, मग दूध. आच इतकी कमी केली, की शेगडीच्या तोंडाशी नुसते निळे मणी राहिले. दूध कडेनं थरथरू लागलं. ती झाऱ्यानं तळ खरवडत राहिली. जोरात उकळलं तर फुटेल, ढवळलं नाही तर लागेल. गोठ्यात बांडी पुन्हा हंबरली, लांबलचक, कोणाला तरी बोलावत असल्यासारखी. सुकन्याला ते ऐकू आलं, पण नेमका तेव्हाच पातेल्यात फुगा वर आला आणि तिनं घाईनं पातेलं उचलून धरलं.

शेवटी चीज, ढोबळी मिरची, चिमूटभर मीठ. मीठ टाकताना तिनं हात जरा आड धरला. तरी सिंधुबाईंना कळलं. त्या देवाचं नाव पुटपुटल्या.

स्वरूपाला बाजेवर उठवून बसवलं. सिंधुबाईंनी रोजच्यासारखं घमेलं तिच्या पायाशी आणून ठेवलं, त्यात राख पसरली, आणि स्वतः शेजारी टेकल्या. रोज दुसऱ्या-तिसऱ्या घासाला त्या घमेल्याची गरज पडे.

स्वरूपानं एक नळी चमच्यावर घेतली, फुंकली, तोंडात घातली. मग दुसरी. मग कोंबडीचा तुकडा. आबा दोर वळत होते, पण दोराचं तेच टोक पुन्हा पुन्हा वळत होते.

वाटी रिकामी झाली.

"आहे अजून?" स्वरूपा म्हणाली.

सुकन्या उठायच्या आत सिंधुबाई उठल्या. त्यांनी वाटी घेतली, त्या पातेल्यापाशी गेल्या, क्षणभर थांबल्या आणि झारा हातात धरून वाढू लागल्या. कोंबडीचे तुकडे शोधून शोधून वर घातले.

"ए आई, खाऊन बघ की एक," स्वरूपा म्हणाली.

"मला न्हाय बाई. गोगलगायींवानी दिसतंय." पण वाटी देताना झाऱ्याला लागलेलं त्यांनी पुसून टाकलं नाही, परत पातेल्यात झटकलं.

दुसरी वाटी संपली. स्वरूपा उशीला टेकून बसली. सिंधुबाई तशाच शेजारी बसून राहिल्या, एक हात लेकीच्या पाठीवर आणि दुसरा घमेल्याच्या काठाला. दिवेलागण झाली. सुकन्याचा नवरा संदेश कारखान्यावरून आला, जेवला, बहिणीच्या डोक्यात टपली मारून आत गेला. स्वरूपाला बसल्या बसल्या झोप लागली. घमेल्यातली राख कोरडी होती.

सिंधुबाईंनी ते उचलून बाहेर नेलं. परत येऊन त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मांजर येईल म्हणून झाकणावर वरवंटा ठेवला.

सकाळी सुकन्या घरातून निघाली तेव्हा गोठ्यात अजून धार सुरू झाली नव्हती. केंद्रावर तिनं यंत्र चालू केलं, त्याची नळी धुतली, दोन्ही कॅन झाकणं काढून तयार ठेवले. मोठ्या कॅनमधलं दूध टँकरला जाई. निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये यंत्रानं नापास केलेलं जाई. ते टँकरला द्यायचं नाही, असा नियम होता.

आबा मोटारसायकलवरून आले तेव्हा भीमा रांगेत पुढं होता.

"काय आबा, आज लई खुशीत?"

"पोरगी रातच्याला जेवली," आबा म्हणाले. "पोटात ऱ्हायलं. अजून झोपलीया."

"काय घातलं म्हणायचं?"

"तुला पचायचं न्हाय. सर तिकडं."

त्यांनी किटली काट्यावर ठेवली. झाकणावर फडकं घट्ट बांधलेलं होतं.

"तुझ्या सासूनं बांधलंय," ते सुकन्याला म्हणाले. "मी म्हनलं, बघू तरी दे किती आलंय. तर म्हनती कशी, डेरीवर जाऊनच मोजा. मला गोठ्यात बी येऊ दिलं न्हाय."

सुकन्यानं फडकं सोडलं. दूध मापात ओतलं आणि मोठ्यानं वाचलं,

"नऊ लिटर, शंभर मिली."

आबांनी हाताचा पंजा हवेत मारला. "सांगितलं नव्हतं? उलट शंभर जास्तीच! आता बोल म्हनावं तिला." मग त्यांना आठवलं. "आन व्हय, निरोप हाय तिचा. येताना त्या नळ्यांचं आणखी एक पाकीट आन म्हनली. मोठं."

"आणते," सुकन्या म्हणाली.

तिनं छोट्या बाटलीत नमुना घेतला, नळी बुडवली आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. पडदा तिच्या बाजूला होता. आबा वळून भीमाला, बारामतीत ब्रॉयलर कुठं चांगली मिळते ते विचारू लागले.

सुकन्या पडद्याकडे बघत राहिली. नळी स्वच्छ पाण्यात बुडवून, पुसून, तिनं तोच नमुना पुन्हा लावला. यंत्र पुन्हा घुरघुरलं.

मग तिनं माप उचललं आणि दूध निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये ओतलं. किटली विसळली, फडक्याची घडी करून तिच्यात ठेवली आणि आबांच्या हातात दिली.

"आत्यांना सांगा, मोठं पाकीट आणते. गाजरं घरात आहेत."

आबांची मोटारसायकल वळणाआड गेली. कालपासून हंबरणारी बांडी माजावर आली होती, हे सुकन्याच्या आता ध्यानात आलं; अशा गाईचं दूध एक-दोन दिवस घटतंच. पडद्यावर आकडे तसेच होते. फॅट ३.५. एसएनएफ ७.९. पाणी ६.९ टक्के.