हप्त्याची खिडकी

काचेखालच्या फटीतून चार घड्या घातलेली नोट आत सरकली, तेव्हा कारकून शिक्क्याला शाई लावत होता. त्याने मान वर केली. पलीकडे तुळतुळीत दाढी केलेला एक माणूस उभा होता आणि चक्क डोळा मिचकावत होता.

"साहेब, एवढ्यात भागेल ना?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाकीचं तुम्ही सांभाळून घ्या."

कारकुनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उभ्या नोकरीत त्याने कुणाचा फुकटचा चहाही घेतला नव्हता. नोट परत ढकलत तो इतक्या चढ्या आवाजात बोलला, की शेजारच्या रांगेतली माणसेही वळून पाहू लागली. पण त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? त्याने खिडकीवरची पाटी वाचली होती, एवढेच. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'हप्ता येथे स्वीकारला जाईल.'

पाटी लावणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. वाहतूक विभागाने नवी सवलत काढली होती. आजवर दंड सगळ्यांना सारखाच असे, आणि गंमत म्हणजे त्यालाच न्याय म्हणत. मोठ्या मोटारीचा मालक तो भरून शीळ घालत निघून जाई. दुचाकीवर पोट असलेल्याची दुचाकी मात्र जप्त गाड्यांच्या आवारात अडकून पडे. अडकली की दिवसागणिक आवारभाडे चढे. ते भरायला कमाई हवी, कमाई करायला गाडी हवी, आणि गाडी आवारात. शेवटी लिलाव. आता कमी उत्पन्नाचा दाखला दाखवला की आवारभाडे माफ, दंड निम्मा, तोही हप्त्याहप्त्याने. आणि पहिला हप्ता भरला की गाडी त्याच दिवशी ताब्यात. एवढी शहाणपणाची गोष्ट सरकारी डोक्यातून कशी निघाली, हे एक कोडेच होते. फक्त पाटीवर जागा अपुरी पडली, म्हणून रंगाऱ्याने 'दंडाचा' हा शब्द गाळून टाकला होता.

आणि या पाटीखाली बसवले कुणाला, तर ह्या कारकुनाला. इतकी वर्षे तो शेजारच्या खिडकीवर सगळा दंड एकरकमी घ्यायला बसत असे. कुणी मुलाचे आजारपण सांगो की सुटलेली नोकरी, त्याचे उत्तर दोनच शब्दांचे असे, "पूर्ण रक्कम." कार्यालयात त्याचे नावच 'पूर्णरक्कम' पडले होते आणि मनातून त्याला ते आवडायचेही.

आता घरी बायको दार उघडतानाच विचारी, आज किती हप्ते जमले. विचारून स्वतःच पोट धरून हसे. तो पाटीखाली बसलेला असताना कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो साऱ्या नातेवाइकांत फिरला. मेहुण्याने मुद्दाम फोन करून विचारले, की भाऊजी, निवृत्तीला टेकल्यावर सुरुवात केलीत, आधी मुहूर्त नव्हता का? कारकून दोन दिवस धड जेवला नाही.

खरे तर खिडकीवर गर्दी भरपूर होती. लोक पाटी वाचून हसत, एकमेकांना कोपराने ढोसत, हप्ता भरत आणि गाडी घेऊन जात. पण कारकुनाला ती गर्दी दिसतच नव्हती, नुसते हसणे ऐकू येत होते. शेवटी तो कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि पाटी बदला, नाहीतर मला बदला, असे सांगून मोकळा झाला.

बाईंनी पाटी बदलली. नवी पाटी अशी होती, 'अल्प-उत्पन्नधारक विभाजित शास्ती भरणा कक्ष'. ती एका दमात वाचायची म्हणजे छातीत हवा हवी. तिला कुणी हसले नाही. तिच्याखाली कुणी आलेही नाही.

कारकून खूश होता. तो शब्दकोडी सोडवू लागला. महिनाअखेरपर्यंत खिडकी अशीच ओस राहिली तर योजना गुंडाळावी लागेल, असे बाईंनी सांगितले, तेव्हाही त्याला फारसे वाईट वाटले नाही. आपली जुनी खिडकी बरी, असेच तो मनात म्हणाला.

अशाच एका दुपारी तो आवाराच्या कुंपणापाशी असलेल्या टपरीवर चहाला गेला. तिथे बाकावर एक बाई बसली होती आणि तारेतून आत पाहत होती. चहावाल्याकडून त्याला कळले, की ती इस्त्रीवाली. घरोघरचे कपडे गोळा करायची तिची निळी स्कूटर दवाखान्याच्या फाटकासमोरून उचलून आणली होती आणि उद्या तिचा लिलाव होता. गठ्ठा डोक्यावर घेऊन चालत ती निम्म्या घरांपर्यंतही पोहोचत नव्हती. बाकीची गिऱ्हाइके तुटत चालली होती.

"सवलत आहे की," कारकून सहज म्हणाला. "त्या खिडकीवर का जात नाही?"

"गेले होते ना. चार दिवस रोज जातेय," ती म्हणाली. "शेजारणीनं सांगितलं, हप्त्याची खिडकी उघडलीय. दाखला काढला, पैसे बांधून आणले. येऊन बघते तर खिडकी बंद. तिथं दुसरंच कसलं तरी ऑफिस आलंय. एक साहेब असतात आत, खाली मान घालून कोडं सोडवत. त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

कारकुनाने अर्धा चहा बाकावर ठेवला. त्याने विचारले, "हप्ता म्हटल्यावर भीती नाही वाटली?"

"भीती कसली? शिलाई मशीन हप्त्यानं घेतली, फ्रिज हप्त्यानं घेतला. आणि दुसरा हप्ता म्हणाल, तर तो घेणारेही जन्मभर बघितलेत." ती हसली. "पण घेऊन वर पावती देणारा साहेब पहिल्यांदाच ऐकला. म्हटलं, माणूस सरळ दिसतोय."

कारकुनाला एकदम भरून आले. नोकरीत त्याला कुणी प्रशस्तिपत्र दिले नव्हते. मिळाले ते हे असे, आणि तेही त्याने स्वतःच काढायला लावलेल्या पाटीमुळे.

"उठा," तो म्हणाला.

"कुठं?"

"हप्ता भरायला. तो हप्ता घेणारा मीच."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग पदराची गाठ सोडत ती त्याच्यामागे चालू लागली.

दाखला पाहून झाला, हप्ता घेतला, पावती फाडली, सुटकेच्या कागदावर शिक्का बसला. मग कारकुनाने अडगळीच्या खोलीतून जुनी पाटी हुडकून काढली आणि खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने टांगायला घेतली. ठोकाठोक ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या आणि तुमचीच तक्रार होती ना, असे म्हणाल्या.

"होती. मला अजूनही लाज वाटते," तो खिळा ठोकत म्हणाला. "पण खिडकी माझ्या लाजेसाठी उघडलेली नाही, बाई. लोकांना कळतं ते राहू द्या."

बाईंनी पाटीकडे पाहिले, आणि इतके दिवस आवरलेले हसू त्यांना शेवटी फुटलेच. कारकूनही हसला. मग खुर्चीवर उभा असल्यामुळे त्याला वरच्या झरोक्यातून आवार दिसले आणि तो तसाच पाहत राहिला.

स्कूटर धुळीने माखली होती. इस्त्रीवालीने ती पदराने पुसली, दोन-चार लाथा मारून सुरू केली आणि फाटकाशी आली. फाटकावर आडवा दांडा होता. तो फक्त मोटारींसाठी वर होई; दुचाकीवाले उतरून, मान वाकवून बाजूच्या फटीतून गाडी ढकलत नेत. पहारेकऱ्याने सवयीने तिकडे बोट दाखवले.

ती उतरली नाही. तिने पावती उलगडून त्याच्यासमोर धरली, पुन्हा घडी करून नीट कमरेला खोचली आणि दांड्यासमोर गाडी तशीच सुरू ठेवून बसून राहिली. मागे एका मोटारीने भोंगा वाजवला. तिने वळूनही पाहिले नाही.

पहारेकरी क्षणभर घुटमळला. मग त्याने दांडा वर केला, अगदी पूर्ण, आणि ती जाईपर्यंत धरून ठेवला.